पफिन परत आले, पण सगळे आले का? समुद्रपक्ष्यांच्या हिवाळ्याचा हिशोब

मार्च-एप्रिल आला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरतं. हिरवागार कडा, खाली निळा समुद्र आणि गवतात उभा असलेला एक काळा-पांढरा, गुबगुबीत पक्षी. चोच केशरी, पाय केशरी आणि चेहरा असा, की याला आत्ताच कुणीतरी रागावलंय. खाली कॅप्शन असतं, ‘पफिन परत आले!’ कमेंटमध्ये हार्ट्सचा पाऊस.

त्याच्या दोनेक महिने आधी दुसऱ्याच प्रकारचे फोटो फिरत असतात. वादळानंतरचा किनारा, शेवाळात अडकलेले, वाळूत अर्धे गाडले गेलेले मेलेले पक्षी. त्याखाली कुणी जगबुडी जवळ आल्याचं लिहितो, तर कुणी ‘हे दरवर्षीचंच आहे’ म्हणून हात झटकतो.

गंमत म्हणजे हे दोन्ही फोटो बऱ्याचदा एकाच जातीच्या पक्ष्याचे असतात. मग खरं काय मानायचं? हिवाळ्यात इतके मेले, तर वसंतात कडे भरलेले कसे दिसतात? आणि कडे भरलेले दिसले, म्हणजे सगळं आलबेल आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं ‘नाही’ असं आहे. का, ते समजून घ्यायला आधी हा पक्षी हिवाळ्यात असतो कुठे ते बघू.

आठ महिने जमीनच नाही

पफिन आकारानं साधारण कबुतराएवढा. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. ब्रिटन, आयर्लंड, आइसलँड, नॉर्वे या भागात तो किनाऱ्याजवळच्या बेटांवर बिळं करून राहतो, पण फक्त उन्हाळ्यापुरता. ऑगस्टपर्यंत बेट रिकामं होतं आणि पुढचे सात-आठ महिने हा पक्षी भर अटलांटिकमध्ये काढतो. खाणं, झोपणं सगळं लाटांवर. एवढ्या काळात जमिनीला पाय लागत नाही.

रीलमध्ये दिसणारी ती रंगीत चोचही तेव्हा नसते. चोचीवरचे रंगीत पापुद्रे विणीचा हंगाम संपल्यावर गळून पडतात आणि चेहरा राखाडी होतो. हिवाळ्यातला पफिन तुम्हाला दाखवला, तर तुम्ही ओळखणारही नाही. त्यात भर म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस पंखांची उडायची पिसं एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्याला उडताही येत नाही. वादळ आलं तर पळून जायचा रस्ताही बंद.

त्याचा भाऊबंद म्हणजे गिलिमॉट. अमेरिकेत यालाच ‘मर’ म्हणतात. वजनानं किलोभर, उभा राहिला की छोट्या पेंग्विनसारखा दिसतो. हा घरटं वगैरे काही करत नाही. उभ्या कड्यातल्या अरुंद कपारीवर, नुसत्या दगडावर एकच अंडं घालतो. शेजाऱ्याला इतका खेटून बसतो, की सकाळच्या विरार लोकलची आठवण यावी. चांगल्या कपारीला मागणी इतकी, की ब्रिटनमधल्या काही वसाहतींत गिलिमॉट भर हिवाळ्यातही एखाद्या शांत दिवशी येऊन आपल्या जागेवर उभे राहून जातात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच.

थंडीनं मरतात का?

कडक हिवाळा म्हटलं की आपल्याला वाटतं, बिचारे गारठून मेले. पण या पक्ष्यांची पिसं पाणी आत शिरू देत नाहीत. खाली चरबीचा थर असतो. पोटात अन्न असेल, तर बर्फाळ पाण्यातही ते आरामात जगतात.

त्यांना मारते ती भूक.

२०२१ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर अटलांटिकमधल्या पाच जातींच्या दीड हजारांहून जास्त पक्ष्यांच्या पायांना छोटी यंत्रं बसवून, ते हिवाळ्यात कुठे जातात ते बघितलं गेलं. मग त्या जागा आणि वादळांचे मार्ग यांची सांगड घातली. प्रश्न सरळ होता, वादळात पक्षी नेमके कशानं मरतात? वाऱ्याशी झुंजताना जास्त शक्ती खर्च होते म्हणून, की खायला मिळत नाही म्हणून? हिशोब मांडल्यावर दिसलं, की वादळातही शरीराचा खर्च काही फार वाढत नाही. कमाई थांबते, हा खरा घोटाळा आहे.

कारण हे पक्षी पाण्यात बुडी मारून, डोळ्यांनी बघून मासे पकडतात. प्रचंड लाटांनी समुद्र ढवळला गेला की पाणी गढूळ होतं, मासे खोल जातात किंवा पांगतात. त्यात उत्तरेकडे हिवाळ्यात उजेडाचे तासच मोजके. शिवाय या पक्ष्यांकडे साठाही नसतो. गिलिमॉट तीन ते पाच दिवस उपाशी राहिला तर मरू शकतो. एक वादळ दोन दिवसांत ओसरलं तर तो तग धरतो. पण एकामागून एक वादळं येत राहिली, तर दोन वादळांच्या मधला शांत काळ गमावलेलं वजन भरून काढायला पुरत नाही.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात नेमकं हेच झालं. डिसेंबर ते फेब्रुवारी अशी वादळांची रांगच लागली होती. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर मेलेले किंवा मरणाला टेकलेले ५० हजारांहून जास्त समुद्रपक्षी मोजले गेले. त्यातले निम्म्याहून अधिक पफिन होते. सगळ्यात जास्त फ्रान्सच्या किनाऱ्यावर. बहुतेकांचं शरीर नुसतं हाडं आणि पिसं. इंग्रजीत अशा घटनेला ‘रेक’ म्हणतात, जहाज फुटून त्याचे अवशेष किनाऱ्याला लागतात त्यावरून.

आणि हा आकडा फक्त वाळूवर सापडलेल्यांचा. भर समुद्रात मेलेले बहुतेक पक्षी बुडतात किंवा कुणाच्या तरी पोटात जातात. किनाऱ्याला किती लागणार हे वाऱ्याच्या दिशेवर ठरतं. म्हणून मेलेल्या पक्ष्यांचा फोटो खरा असला, तरी तेवढ्यावरून नुकसान किती हे कळत नाही.

ते कळतं वसंतात.

बिळात हात घालून होणारी शिरगणती

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फार्न नावाची छोटी बेटं आहेत. ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था ती सांभाळते. इथल्या पफिनची शिरगणती पूर्वी काही वर्षांच्या अंतरानं व्हायची आणि तिची पद्धत ऐकून हसू येतं. रेंजर गवतात पालथा पडतो, खांद्यापर्यंत हात बिळात घालतो आणि आत कुणी आहे का हे चाचपतो. आत कुणी असेल, तर ते कडकडून चावतं. चावलं की वहीत नोंद.

तर झालं असं, की २०१३ चं वर्ष शिरगणतीचं होतं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नेमकी आफत आली. पफिन बेटांकडे परतायला निघाले होते, तेवढ्यात उत्तर समुद्रावर पूर्वेकडून बर्फाळ वारे सुटले आणि बरेच दिवस थांबलेच नाहीत. स्कॉटलंडचा पूर्व किनारा आणि ईशान्य इंग्लंडमध्ये सुमारे साडेतीन हजार पफिन मेलेले सापडले. वाचलेले उशिरा पोहोचले. सगळ्यांनी धरूनच ठेवलं, की यंदाचा आकडा पडणार.

पण आकडा निघाला जवळपास ४० हजार जोड्या. २००८ च्या शिरगणतीपेक्षा आठेक टक्के जास्त!

‘बघा, काही झालं नाही, उगाच घाबरवतात,’ असं म्हणायचा मोह इथे होतो. थांबा. आठेक टक्क्यांची वाढ ही पाच वर्षांची होती, एका हिवाळ्याची नाही. त्या मार्चमध्ये जे मेले, ते मेले नसते तर आकडा किती निघाला असता, हे या मोजणीतून कळतच नाही. शिवाय २००३ मध्ये याच बेटांवर ५५ हजारांहून जास्त जोड्या होत्या. म्हणजे २०१३ चा ‘आनंदाचा’ आकडासुद्धा दहा वर्षांपूर्वीच्या मानानं बराच खाली होता.

आणि यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, जी बिळात हात घालून कधीच सापडत नाही.

राखीव खेळाडूंची गोष्ट

समुद्रपक्ष्यांच्या प्रत्येक वसाहतीभोवती असे बरेच तरुण पक्षी असतात, ज्यांना अजून जागा मिळालेली नसते. पफिन साधारण पाचव्या वर्षी पहिलं अंडं घालतो, गिलिमॉट सहाव्या-सातव्या वर्षी. तोवर ही तरुण मंडळी घुटमळत असतात, जागा रिकामी व्हायची वाट बघत. मुंबईत पागडीच्या खोलीसाठी थांबलेल्या भाडेकरूंसारखी.

हिवाळ्यात एखादा प्रौढ पक्षी मेला, की त्याच्या जागी यातलाच एक येऊन बसतो. कडा भरलेला दिसतो. मोजणी करणाऱ्याला आकडा तोच मिळतो. प्रत्यक्षात राखीव साठ्यातला एक कमी झालेला असतो.

हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्कोमर नावाचं बेट आहे. तिथल्या गिलिमॉट्सच्या पायांत अनेक वर्षांपासून खुणेची कडी घातली जातात, त्यामुळे कोण परत आला आणि कोण नाही हे एकेका पक्ष्याच्या पातळीवर कळतं. त्या नोंदींतून दिसलं, की समुद्रात मोठ्या तेलगळती झाल्या त्या हिवाळ्यांत प्रौढ पक्ष्यांचं मरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं आणि त्यानंतर तरुण पक्षी नेहमीपेक्षा जास्त संख्येनं वसाहतीत भरती झाले. नुसती डोकी मोजणाऱ्याला त्या वर्षांत फारसं काही घडल्यासारखं दिसलं नसतं.

या धक्क्याचा हिशोब करून बघू. समजा, एका कड्यावर १०० प्रौढ गिलिमॉट आहेत. बऱ्या वर्षी त्यातले पाच-सहा मरतात. वाईट हिवाळ्यात बारा. फरक फक्त सहाचा. चिमणीच्या बाबतीत हा फरक एका हंगामात भरून निघतो, कारण ती एका वर्षात दोन-तीनदा चार-पाच अंडी घालते. गिलिमॉटची जोडी वर्षाला एक अंडं घालते. त्यातून पिल्लू निघालं, गलांपासून वाचलं, कड्यावरून समुद्रात उडी मारून जगलं आणि पुढचे सहा हिवाळे काढले, तर तो एक पक्षी हिशोबात येतो.

म्हणूनच या पक्ष्यांचा सगळा संसार एका गोष्टीवर चालतो, प्रौढ पक्ष्यानं दीर्घकाळ जगणं. पफिन वीस-तीस वर्षं सहज जगू शकतो. नॉर्वेत चाळिशी ओलांडलेल्या पफिनची नोंद आहे. एखाद्या उन्हाळ्यात पिल्लं जगली नाहीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो. प्रौढ मेला, तर त्याचे पुढचे वीस प्रयत्नही गेले.

चाळीस वर्षं आणि तरीही चौथाईच

स्कोमरवर गिलिमॉटचा अभ्यास सुरू केला टिम बर्कहेड यांनी, १९७२ साली. ते पुढे शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. ते तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा बेटावर सुमारे दोन हजार गिलिमॉट उरले होते. १९३० च्या दशकात हाच आकडा एक लाखाच्या घरात होता. मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं, जहाजं बुडाली, त्यांचं तेल समुद्रावर पसरलं. वसाहत जवळजवळ संपली.

त्यानंतर हळूहळू ती सावरली. किती हळू? चाळीस वर्षांनी आकडा २५ हजारांच्या आसपास पोहोचला. माणसाची पूर्ण नोकरी संपली, तरी पक्षी जुन्या संख्येच्या चौथाईवर.

आणि आता या गोष्टीतला चीड आणणारा भाग. हा अभ्यास चालवायला वर्षाला सुमारे १२ हजार पौंड लागायचे. वेल्समधल्या सरकारी यंत्रणेनं हा निधी बंद केला. कधी? बरोबर त्याच सुमारास, जेव्हा २०१३-१४ च्या वादळांनी किनारे मेलेल्या पक्ष्यांनी भरले होते. म्हणजे आजारी माणसाचा ताप वाढल्यावर थर्मामीटर काढून घेण्यासारखं. बर्कहेड यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जाहीर लेख लिहिला, लोकांकडे वर्गणी मागितली आणि लोकांनी ती दिली. मोजणी सुरू राहिली. मला विचाराल, तर वसंतातल्या त्या गोड रीलपेक्षा शेअर करायला ही बातमी चांगली होती.

अलास्कात मात्र परत आलेच नाहीत

आतापर्यंतच्या गोष्टीत कडे निदान भरलेले तरी दिसत होते. आता पॅसिफिकच्या बाजूला जाऊ. पक्षी तोच, गिलिमॉट ऊर्फ मर.

२०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिक महासागराचं पाणी असाधारण तापलं होतं. शास्त्रज्ञांनी या तापलेल्या पाण्याच्या पट्ट्याला ‘ब्लॉब’ असं टोपणनाव दिलं. पाणी कोमट झालं तशी त्यातल्या अन्नाची साखळी विस्कटली. मर ज्यांवर जगतात ते चरबीदार छोटे मासे कमी झाले. जे होते, त्यांच्यासाठी मोठ्या माशांशी स्पर्धा. २०१५-१६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर उपासमारीनं मेलेले सुमारे ६२ हजार मर मोजले गेले. तेव्हाच अंदाज होता, की खरा आकडा काही लाखांत, कदाचित दहा लाखांपर्यंत जाईल.

मग अलास्कातल्या १३ वसाहतींच्या मोजण्या, ब्लॉबच्या आधीच्या आणि नंतरच्या, एकत्र ठेवल्या गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. एकट्या अलास्कात सुमारे ४० लाख मर गेले होते. तिथल्या एकूण संख्येच्या निम्मे. वसाहतींमधली घट ५२ ते ७८ टक्के. आधुनिक काळात नोंदल्या गेलेल्या वन्यजीवांच्या मृत्यूच्या घटनांत ही सर्वांत मोठ्यांपैकी मानली जाते.

त्या अभ्यासातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची आहे. २०२२ पर्यंतच्या मोजण्यांत संख्या सावरल्याचं काहीच चिन्ह नव्हतं. राखीव खेळाडू येऊन बसले नाहीत, कारण तेही त्याच पाण्यात उपाशी होते. कपारी रिकाम्याच राहिल्या. रिकाम्या कपारीचं दुखणं आणखी वेगळं आहे. गिलिमॉट खेटून बसतात ते हौसेनं नाही. गर्दी असली की गल आणि गरुड अंडी पळवायला सहज घुसू शकत नाहीत. कड्यावर मोजकेच उरले, तर तेही उघडे पडतात.

वादळ थांबवता येत नाही, पण ताट तरी?

अटलांटिकमधली वादळं किंवा पॅसिफिकचं तापणं कुणी एका हंगामात थांबवू शकत नाही. पण पक्षी वसंतात परत आल्यावर त्यांना पोटभर मिळेल का, हे काही प्रमाणात माणसाच्या हातात आहे. ब्रिटनच्या पफिनचं मुख्य खाद्य म्हणजे सॅन्डईल, बोटाएवढा चंदेरी मासा. पफिनच्या चोचीत ओळीनं लटकलेले दिसतात तेच. हा मासा माणसं फारशी खात नाहीत, पण माशांचा कुटा आणि तेल काढण्यासाठी तो टनांनी पकडला जायचा. मार्च २०२४ पासून ब्रिटननं उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या हद्दीत आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात सॅन्डईलची मासेमारी बंद केली. युरोपियन युनियननं त्याला आक्षेप घेतला, प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं. एका बोटभर माशावरून दोन बाजू लवादात भांडल्या, ही गोष्ट पफिनला कुणी सांगितलेली नाही.

त्याच वर्षी फार्न बेटांवरचा आकडा सुमारे ५० हजार जोड्यांचा आला. बंदी नुकतीच आलेली, त्यामुळे तिचं श्रेय इतक्यात देता येत नाही.

आणि आपल्या किनाऱ्यावर?

पफिन काही हर्णैला येणार नाही. आपल्याकडे चक्र उलटं आहे. मुंबईच्या खाडीत, कोकणात दिसणारे कुरव, म्हणजे गल, हिवाळ्यात पाहुणे म्हणून येतात आणि उन्हाळा लागला की लडाख, तिबेट, मध्य आशियाकडे परततात. आपल्या समुद्राचा ‘कडक हिवाळा’ म्हणजे पावसाळा. जून ते ऑगस्टच्या वादळी वाऱ्यात खोल समुद्रात राहणारे पक्षी, मास्क्ड बूबी किंवा काही जातींचे सुरय, थकून किनाऱ्याला लागतात. कधी जुहूच्या वाळूत, तर कधी आत गावात कुणाच्या अंगणात.

तुम्हाला असा पक्षी सापडला, तर त्याला पुन्हा समुद्रात ढकलू नका. तो जखमी असेलच असं नाही, पण बहुतेक वेळा उपाशी आणि गळालेला असतो. परत लाटांत टाकला तर बुडेल. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. टॉवेलनं अलगद धरा आणि चेहरा लांब ठेवा, कारण बूबीची चोच धारदार असते आणि तो थेट डोळ्यांकडे झेपावतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पायात कडी असेल, तर तिच्यावरचा क्रमांक दिसेल असा फोटो काढा आणि तोही वन विभागाला द्या. ती कडी जगाच्या कुठल्यातरी बेटावर, कुणीतरी चोची खात घातलेली असते आणि त्या पक्ष्याच्या नावापुढची जागा तिथल्या वहीत अजून रिकामी असते.